दर पावसाळ्यात मॉडेलवर येणारी पांढरी साय

जून संपत आला की माझ्या फोनवर एकाच जातीचे फोटो यायला लागतात. परवा ठाण्याच्या एका मुलाने पाठवला तो असा: १/७२ चं स्पिटफायर, म्हणजे खऱ्या लढाऊ विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं प्लास्टिकचं मॉडेल, महिनाभर खपून रंगवलेलं, आणि दोन्ही पंखांवर दुधावर साय धरावी तसा पांढुरका थर. खाली एकच ओळ, "काका, बुरशी आली का हो?"

बुरशी नव्हती. बुरशी यायला दिवस लागतात. हा थर क्लिअर कोट (रंगावरचं पारदर्शक वार्निश) मारल्यावर दोन मिनिटांत आला होता. पण त्याची घाबरगुंडी मला कळली, कारण मीही लागोपाठ तीन पावसाळे हाच थर पुसत बसलो होतो. थिनर (रंग पातळ करायचा द्रव) बदलला, एअरब्रशची (रंग फवारायच्या छोट्या पिस्तुलाची) सुई बदलली, नॉझल बदललं, एकदा तर अख्खं मॉडेल रंग उतरवून पुन्हा रंगवलं. या सगळ्यात एकाही वस्तूचा दोष नव्हता. चोर बेडरूममध्ये होता, तिथवर येतोच.

त्याआधी एक सांगून टाकतो. "मॉडेल पांढरं पडलं" ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे चार वेगळे रोग असतात. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर बरं होणं राहिलं बाजूला, डेकल (मॉडेलवर चिकटवायच्या खुणा आणि आकडे) विरघळतात आणि कॅनॉपी (कॉकपिटवरची पारदर्शक काच) कायमची जाते. म्हणून फोटो आला की मी आधी उपाय सांगत नाही, प्रश्न विचारतो.

थर नेमका कुठे आहे?

चंदेरी चकाकी फक्त डेकलच्या हद्दीत असेल, म्हणजे आकड्यांच्या आणि विमानाच्या देशाची खूण असलेल्या गोलांच्या भोवतालच्या पारदर्शक कडेखाली, आणि मॉडेल तिरपं केलं की ती कमीजास्त होत असेल, तर ते सिल्व्हरिंग. डेकलखाली हवा अडकली आहे. वरून काहीही फवारलंत तरी ती हलणार नाही.

फक्त कॅनॉपीवर आणि तिच्या आसपास धूर बसल्यासारखं दिसत असेल, तर ती सुपरग्लूची वाफ.

अंगभर असेल तर दोन शक्यता उरतात, मॅट (बिनचमकीच्या) कोटचा भुरा किंवा ब्लश (दमट हवेत चढणारी साय). आणि गल्लत होते ती या दोघांतच. शेपटीखाली, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंबाखाली पांढरेपणा पार नाहीसा होऊन खालचा रंग स्वच्छ, गडद दिसला आणि पाणी वाळल्यावर पुन्हा पांढरा झाला, तर तो मॅटचा भुरा. त्याचा दोष पृष्ठभागाच्या खरखरीत असतो आणि पाण्याने ती खरखर तात्पुरती भरून निघते. थेंबाखालीही दुधाळपणा उरला तर ब्लश, म्हणजे दोष थराच्या पोटात आहे. अगदी हलका ब्लश मात्र पाण्याखाली लपतो, तेव्हा थेंबावर सगळा निवाडा सोडू नका. मग वेळ विचारायची. ब्लश फवारता फवारता किंवा मिनिट-दोन मिनिटांत डोळ्यांदेखत चढतो. भुरा निवांत येतो, कोट वाळत जाईल तसा.

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात आलेल्या तक्रारींत माझा पहिला संशय ब्लशवरच असतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

ब्लश होतो कसा

हातावर सॅनिटायझर घेतलं की गार लागतं. तो द्रव उडून जाताना तुमच्या कातडीतली उष्णता घेऊन जातो. लॅकर (झटपट वाळणारा रंग किंवा वार्निश) पातळ करायचा थिनर त्याहून घाईचा. पंखावर ओला थर बसला की थिनर भराभर उडतो आणि तेवढ्यापुरता प्लास्टिकचा पृष्ठभाग खोलीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी गार होतो.

आता हवेकडे बघा. मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, खाडी फार लांब नाही. जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी माझ्या गॅलरीतला हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता दाखवतो. या हवेचा दवबिंदू येतो साधारण २७ अंश. म्हणजे एखादी वस्तू २७ च्या खाली गेली की तिच्यावर दव धरणार. ३० आणि २७ मध्ये अंतर किती? तीन अंश. थिनर उडताना एवढा गारवा सहज आणतो. जानेवारीतल्या कोरड्या दुपारी तापमान तेच ३० असलं आणि आर्द्रता ५० टक्के असली तर दवबिंदू १८ च्या आसपास उतरतो. मग बारा अंशांची मोकळीक मिळते आणि त्याच थिनरने, त्याच हाताने मारलेला कोट काचेसारखा बसतो. हिवाळ्यात शिकलेला माणूस पावसाळ्यात फसतो तो इथे.

ओल्या लॅकरवर हे सूक्ष्म दव पडलं की लॅकर आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पाण्याच्या कणांभोवती राळ साकळते, वरचा थर आखडतो, पुढे पाणी उडून जातं आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ्या उरतात. त्या पोकळ्यांवर उजेड विखुरतो म्हणून थर पांढरा दिसतो. काच पारदर्शक असते पण तिचा चुरा पांढरा दिसतो ना, तसंच.

ही अक्कल मला एखाद्या मॉडेलवाल्याने नाही दिली. आमच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे फर्निचरचं काम चालू होतं. पॉलिशवाले मिस्त्री चार दिवस नुसते घासकाम करत बसले होते. मी सहज विचारलं, पॉलिश कधी मारणार? ते खिडकीबाहेरच्या पावसाकडे बोट दाखवून म्हणाले, "अभी मारेगा तो सफेदी पकडेगा, साब." मी हातातला चहा तसाच ठेवून घरात गेलो आणि माझ्या हरिकेनकडे, म्हणजे तेव्हा रंगवत असलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या मॉडेलकडे, बघितलं. सफेदीच होती ती. लाकडाच्या लॅकरला जे होतं तेच माझ्या चिमुकल्या पंखांवर झालं होतं.

गंमत म्हणजे खऱ्या हरिकेनलाही हा रोग माहीत होता. त्या विमानाचा मागचा धड म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेलं कापड, आणि सुरुवातीच्या हरिकेनचे तर पंखही कापडाचेच होते. ते कापड ताठ आणि हवाबंद करायला त्यावर डोप नावाचं लॅकरच मारत. दमट हवेत डोप असंच पांढरं पडायचं, आणि तो नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हता; पांढऱ्या पडलेल्या डोपची ताकद आणि कापडाचा ताण दोन्ही कमी होत. म्हणून कारखान्यांतून डोप मारायच्या खोल्या मुद्दाम उबदार आणि कोरड्या ठेवत. इलाज तेव्हाही तोच होता, ऊब आणि सावकाश उडणारा थिनर.

रविवारचं कोडं

माझं हरिकेन १/४८ चं. खऱ्याच्या पंखांचा पसारा ४० फूट, म्हणून मॉडेलचा बरोब्बर १० इंच, साधारण साडेपंचवीस सेंटीमीटर. रंगसंगती ब्रह्मदेश आघाडीवरची: वरून डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ, पोटाला मीडियम सी ग्रे, गोलांत लाल रंग नाही, फक्त दोन निळ्या छटा. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच विमानावर गोळी चालू नये म्हणून त्या आघाडीवर गोलांतला लाल काढून टाकला होता. पुढे हवाई दलाचे प्रमुख झालेले अर्जन सिंग १९४४ साली इंफाळच्या लढाईत ज्या पहिल्या स्क्वाड्रनचं नेतृत्व करत होते, ती स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. मला त्याच स्क्वाड्रनचं विमान करायचं होतं.

गडद हिरव्या रंगाचा एक तोटा असतो. त्यावर किंचितही साय लपत नाही. करड्या पोटावर तेवढाच थर असतो पण डोळ्यांना कळत नाही, आणि आपण म्हणतो, "पोटाला काही झालं नाही, वरच झालं." टॉर्च तिरपा धरून बघा, तिथेही सापडेल.

तर, मिस्त्रींनी रोगाचं नाव सांगितलं. मी लगेच हायग्रोमीटर आणला, रिटार्डर (थिनर सावकाश उडावा म्हणून घालायचा द्रव) आणला आणि वहीत नोंदी सुरू केल्या: तारीख, वार, तापमान, आर्द्रता, कोट कसा आला. वाटलं होतं, ८० टक्क्यांच्या वर बिघडणार आणि खाली सुधारणार. वहीने वेगळंच सांगितलं. एका गुरुवारी संध्याकाळी ८६ टक्क्यांत कोट ठीक आला. त्याच आठवड्यातल्या रविवारी ७९ टक्क्यांत पांढराफेक. पुढचा आठवडाही तसाच. बुधवार बरा, रविवार वाईट. मिश्रण तेच, दाब तोच.

बायको वही वाचून म्हणाली, "रविवारी तू झोपून उठल्यावर मारतोस."

तेच होतं. मॉडेल राहायचं बेडरूममधल्या कपाटावर, पोरांच्या हाताला लागू नये म्हणून. आठवड्यात एसी फक्त रात्री लागतो, त्यामुळे संध्याकाळी मी कामावरून येईपर्यंत खोली आणि मॉडेल दोन्ही बाहेरच्या हवेइतके उबदार झालेले असत. रविवारी दुपारी मात्र एसी लावून आम्ही सगळे आडवे होतो. चार वाजता उठायचं, चहा प्यायचा आणि २४ अंशांवर निवलेलं हरिकेन उचलून थेट गॅलरीत न्यायचं, जिथल्या हवेचा दवबिंदू २६ च्या घरात. म्हणजे एअरब्रशचा खटका दाबण्याआधीच मॉडेलवर दव बसलेलं. एसी लोकलमधून दादरला फलाटावर पाय ठेवला की चष्मा धुरकटतो ना? माझ्या विमानाचा चष्मा दर रविवारी धुरकटत होता आणि मी त्या धुक्यावर लॅकर मारत होतो.

म्हणून आता ज्याचा फोटो येतो त्याला मी आर्द्रता विचारण्याआधी विचारतो: मॉडेल ठेवतोस कुठे आणि रंगवतोस कुठे? ठाण्याच्या पोराचंही तेच निघालं. हॉलमध्ये एसी, फवारणी जिन्याच्या खिडकीपाशी.

उपाय फुकटचा आहे. मॉडेल एसीच्या खोलीतच झाकणाच्या डब्यात बंद करायचं, डबा बाहेर आणायचा आणि तासभर तसाच ठेवायचा. उघडायचा नाही. दव धरलंच तर डब्याच्या बाहेरून धरेल, आत नाही. तासाभराने आतलं मॉडेल बाहेरच्या तापमानाला आलेलं असतं. मी साबुदाण्याचा पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा वापरतो. तो परत मागितला जातो आहे, पण ते वेगळं प्रकरण. डब्यात मॉडेलबरोबर रंगाच्या आणि थिनरच्या बाटल्याही ठेवा. गार बाटलीचं झाकण दमट हवेत उघडलं की तिच्यातही ओल शिरते.

रंगवतानाची काळजी

मॉडेल हवेच्या तापमानाला आलं तरी तीन अंशांचीच उसंत आहे हे विसरू नका. ती वाढवायचे दोन मार्ग.

पहिला, ऊब. हवा तापवली तर दवबिंदू बदलत नाही, पण वस्तू त्याच्यापासून लांब जाते. ३० अंश आणि ८५ टक्क्यांची हवा एखाद्या खोक्यात ३८ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आत येते, आणि आतलं मॉडेल दवबिंदूपेक्षा अकरा अंश वर असतं. मी पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात जुना पिवळा बल्ब लावून मॉडेल अर्धा तास शेकतो. बल्बपासून वीतभर लांब, आणि हाताला कोमट लागेल इतकंच. मऊ पडलेला पंख पुन्हा सरळ होत नाही. हेअर ड्रायर मंद ठेवून दुरून फिरवला तरी चालतं. एक गोष्ट बजावून सांगतो: शेक फवारण्याच्या आधी द्यायचा. लॅकरचा ओला थर असलेलं मॉडेल तापलेल्या बल्बबरोबर बंद खोक्यात ठेवू नका, ती वाफ पेट घेते. आणि संध्याकाळची वेळ असेल तर फवारण्याआधी देवघरातली समई आणि गॅस बंद आहे ना, बघा. वन बीएचकेमध्ये सगळं एकमेकांच्या हातभर अंतरावर असतं.

दुसरा मार्ग, सावकाश उडणारा थिनर. हार्डवेअरच्या दुकानात लिटरने मिळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा) थिनर स्वस्त असतो, पण तो भलताच घाईने उडतो आणि कधी कधी प्लास्टिकलाही चावतो. त्याने एअरब्रश धुवा, विमान नको. मिस्टर कलर या मॉडेल-रंगांच्या ब्रँडच्या लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर मुळातच असतो. पावसाळ्यात मी तोच वापरतो. नुसता रिटार्डरही वेगळा मिळतो. शंभर थेंबांत पाच-सहा पुरतात. जास्त घातला तर कोट चोवीस तास चिकट राहतो आणि विक्रोळीची सगळी धूळ त्यावर येऊन बसते.

बाकी वेळेचं भान. भर पावसाळ्यातही दुपारी दोन ते चार हवा सकाळपेक्षा थोडी कोरडी असते. पहाटे उठून शांतपणे फवारणारे उत्साही लोक दिवसातली सगळ्यात ओली वेळ निवडतात. कोट पातळ मारा; जाड ओल्या थरातून एकदम जास्त थिनर उडतो आणि जास्त गारवा आणतो. स्प्रे कॅन तर जुलैत शक्यतो टाळाच, कारण कॅनमधला वायू प्रसरण पावताना फवारा मुळातच गार बाहेर पडतो. कॅनशिवाय इलाज नसेल तर तो आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीचं, चहाचं नाही.

आणि एसीच्या खोलीतच का फवारू नये? २५ अंश आणि ५५ टक्क्यांच्या खोलीत दवबिंदू १५ च्या आसपास असतो, म्हणजे हिशेबाने उत्तम. पण लॅकरची वाफ बाहेर टाकणारा पंखा आणि पाइप नसेल तर तीच वाफ एसी रात्रभर खोलीत फिरवत ठेवतो. झोपायच्या खोलीत हे करू नका, मास्क लावूनही नको. पाण्यात विरघळणारे अॅक्रिलिक असतील तर गोष्ट निराळी.

साय आलीच तर

घाबरून कापडाने पुसू नका. आधी तासभर थांबा. हलका ब्लश कधी कधी आपोआप ओसरतो.

नाही ओसरला तर कोरड्या दुपारची वाट पाहा, मॉडेल शेकून घ्या, आणि एअरब्रशमध्ये नुसता लेव्हलिंग थिनर भरून अगदी कमी दाबाने, जरा लांबून, धुक्यासारखा एक हात फिरवा. लॅकर वाळल्यावरही त्याच्या थिनरमध्ये पुन्हा विरघळतं. वरचा थर क्षणभर सैल पडतो, पोकळ्या मिटतात आणि खालचा हिरवा रंग पुन्हा वर येतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो, तीन वर्षांच्या वैतागाला दहा सेकंदांचं औषध. एका हातात सगळं घालवायचा मोह आवरा. दोन-तीन हात, मध्ये दहा मिनिटं.

पण तीन ठिकाणी हे चालणार नाही. खाली इनॅमल (तेलाच्या जातीचा) रंग असेल तर लॅकर थिनरने तो सुरकुततो. खाली डेकल असतील तर ओला हात पडला की ते विरघळू शकतात, तिथे धुकंसुद्धा बेतानेच. आणि वरचा कोट पाण्यावर आधारलेल्या अॅक्रिलिक वार्निशचा असेल तर तो असा पुन्हा सैल होत नाही; त्यावर कोरड्या दिवशी नवा ग्लॉस (चकचकीत) कोट मारून बघायचा, नाही जमलं तर उतरवायचा. शंका असेल तर प्रयोग शेपटीखाली करा, पंखावर नाही.

उरलेले तीन रोग, थोडक्यात

मॅट कोटचा भुरा. मॅट वार्निशमध्ये उजेड विखुरण्यासाठी सिलिकासारखी बारीक पूड असते आणि ती तळाशी बसते. बाटली न हलवता वरचं वरचं वापरलं की पहिली चार विमानं चकचकीत होतात, आणि तळाशी पोचल्यावर पाचव्यावर सगळी पूड एकदम येते. दोन मिनिटं हलवा, तळ काडीने ढवळा. लांबून फवारलं तरी भुरा येतो, कारण थेंब हवेतच वाळून पूड होऊन बसतात. ऑक्टोबरच्या उन्हात हे हमखास. मऊ कापडाने हलकेच पुसून बघा. नाही गेला तर वर ग्लॉस मारा, खरखर भरून निघते, आणि मग पातळ मॅट पुन्हा.

सिल्व्हरिंग. मॅट रंगावर थेट डेकल लावलं की खरखरीच्या खळग्यांत हवा राहते. म्हणून डेकलच्या आधी ग्लॉस कोट, आणि तो पूर्ण वाळलेला. पावसाळ्यात मी एक रात्र धरतो. हरिकेनच्या मागच्या धडावर कापडाखालच्या पट्ट्यांचे उंचवटे असतात, तिथे डेकल तंबूसारखं ताणून राहतं. सॉफ्टनर (डेकल मऊ करणारा द्रव) लावून ओल्या कुंचल्याने ते उंचवट्यांच्या मधे बसवावं लागतं. सिल्व्हरिंग झालेलंच असेल तर नव्या ब्लेडच्या टोकाने किंवा शिवणाच्या बारीक सुईने बारीक छिद्रं पाडा, वर सॉफ्टनरचा थेंब सोडा, वाळू द्या, पुन्हा बघा. दोन-तीन दिवस रोज एकदा. सॉफ्टनर लागल्यावर डेकल चुरगळल्यासारखं दिसतं तेव्हा बोट लावायचं नाही. आपोआप बसतं. मी बोट लावून एक गोल घालवला आहे.

कॅनॉपीवरचा धूर. सुपरग्लू ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे दमट हवेत त्याची वाफ जवळच्या काचेवर, विशेषतः बोटांचे ठसे असतील तिथे, पांढरी होऊन बसते. कॅनॉपीला सुपरग्लू लावूच नका. फेविकॉल पुरतो, पारदर्शक वाळतो, आणि चुकलं तर ओल्या काडीने निघतो. आत कॉकपिटमध्ये सुपरग्लू वापरला असेल तर कॅनॉपी बसवण्याआधी एक दिवस उघडं राहू द्या. धूर बाहेरून बसला असेल तर साध्या पांढऱ्या टूथपेस्टने कापसावर हळूहळू घासून जातो, वर ग्लॉसचा एक हात दिला की काच पुन्हा लख्ख.

कॉम्प्रेसरचं पाणी

हा पाचवा रोग नाही, पण लोक त्याला ब्लश समजून विचारतात. अंगभर साय नसून मधेच टपोरे डाग, किंवा फवारता फवारता एकदम थुंकल्यासारखं होत असेल तर पाणी एअरब्रशमधून येतं आहे, म्हणजे त्याला दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरकडून. ३० अंश, ८५ टक्क्यांच्या एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाणी असतं. तासाभराच्या फवारणीत छोटा एअरब्रश जवळजवळ तेवढी हवा ओढतो. तीच हवा दाबून दोन बारवर आणली आणि पाइपमध्ये पुन्हा निवली की तिच्यात दहाएक ग्रॅमच मावतं, बाकीचं पाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे तीनेक छोटे चमचे पाणी, आणि त्याला जायला रस्ता एकच, तुमच्या विमानावर. म्हणून मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा सापळा) कॉम्प्रेसरला चिकटून नको, पाइपच्या पुढच्या टोकाकडे हवा, म्हणजे हवा निवल्यावर अडवली जाते. पाइप लांब असेल तर उत्तम. टाकीचा खालचा स्क्रू दर वेळी काम संपल्यावर सैल करून पाणी काढा. नागदेवी स्ट्रीटवर ट्रॅप घ्यायला गेलात तर धाग्याचा नमुना म्हणून स्वतःचा पाइप बरोबर न्या, नाहीतर माझ्यासारख्या दोन फेऱ्या होतील.

ठाण्याच्या पोराने काल पुन्हा फोटो पाठवला. डबा, तासभर वाट, मग थिनरचे दोन हात. डाव्या पंखावरचा गोल किंचित फुगला आहे, हात ओला पडला असणार. बाकी हिरवा रंग परत आला आहे. आता विचारतो आहे की कॅनॉपीच्या आतल्या बाजूला बोटाचा ठसा राहिला आहे आणि कॅनॉपी चिकटवून झाली आहे, काय करू. त्याला काही उपाय नाही. माझ्या हरिकेनमध्येही एक आहे, डाव्या बाजूला, वैमानिकाच्या खांद्याशेजारी.